एक खेळाडू, दोन देश : रायन विल्यम्सला ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व का सोडावे लागले?

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेला फुटबॉलपटू भारतीय संघात कसा येऊ शकतो? नोव्हेंबर २०२५ मध्ये रायन विल्यम्सला भारतीय पासपोर्ट मिळाला, तेव्हा अनेकांना हा प्रश्न पडला. त्याचे उत्तर दोन नियमांत आहे. एक फिफाचा, दुसरा भारत सरकारचा.

कोण आहे रायन विल्यम्स?

रायनचा जन्म १९९३ चा, ऑस्ट्रेलियातील पर्थचा. आई मूळची मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली. आजोबा लिंकन ग्रोस्टेट १९५० च्या दशकात संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळले. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ, फुलहॅम अशा क्लबांकडून खेळलेला रायन २०२३ मध्ये बेंगळुरू एफसीत आला. ऑस्ट्रेलियाच्या सिनियर संघाकडून तो एकच सामना खेळला : जून २०१९, दक्षिण कोरियाविरुद्ध.

फिफाची परवानगी कशी मिळाली?

तो सामना मैत्रीपूर्ण होता. केवळ मैत्रीपूर्ण सिनियर सामना खेळल्याने खेळाडू त्या देशाशी कायमचा बांधला जात नाही. दिएगो कोस्टा २०१३ मध्ये ब्राझीलकडून दोन मैत्रीपूर्ण सामने खेळला आणि २०१४ चा वर्ल्ड कप स्पेनकडून. २०२० पासून फिफाने काही अटींवर, अधिकृत स्पर्धेत जास्तीत जास्त तीन सिनियर सामने खेळलेल्यांनाही संघ बदलण्याची मुभा दिली. मात्र ते सामने वयाच्या २१ वर्षांआधीचे हवेत आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षे झालेली हवीत.

मग खरी अडचण कुठे?

नागरिकत्वात. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि २००८ पासूनच्या सरकारी धोरणानुसार देशाच्या संघातून फक्त भारतीय नागरिकच खेळू शकतो. समजा, यवतमाळ जिल्ह्यातील कळंबचे एखादे कुटुंब अमेरिकेत स्थायिक होऊन तिथले नागरिक झाले. त्यांच्या मुलाला ओसीआय कार्डावर भारतात राहता येईल, क्लबकडून खेळता येईल. पण भारताची जर्सी मिळणार नाही. त्यासाठी अमेरिकी नागरिकत्व सोडावे लागेल.

याआधी असे कोणी केले?

इझुमी अराताने. जपानमध्ये जन्मलेल्या, गुजराती वडील आणि जपानी आई असलेल्या या मिडफिल्डरने महिंद्रा युनायटेड आणि पुणे एफसीची मैदाने गाजवली. जपानचे नागरिकत्व सोडून तो नीलकंठ खांबोलजा या नावाने भारतीय झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून पहिला सामना खेळला.

इतर देश काय करतात?

१८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात बांगलादेशने भारताला १-० ने हरवले. यजमान संघात होता हमझा चौधुरी. इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाकडून खेळलेला, पण ब्रिटिश नागरिकत्व कायम ठेवून बांगलादेशचा झालेला. रायन मात्र फिफाची मंजुरी वेळेत न आल्याने खेळू शकला नाही. ती नंतर मिळाली. तोपर्यंत २०२७ च्या आशियाई चषकाची भारताची संधीही गेली होती.

पुढे काय?

रायनने बत्तिशीत, कारकिर्दीच्या उत्तरार्धात हा निर्णय घेतला. विशीतल्या खेळाडूला तो घेणे जास्त अवघड, कारण युरोप किंवा ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट म्हणजे तिथे पुढची अनेक वर्षे विनाअडथळा खेळण्याची सोय. नियम हाच राहिला, तर परदेशातील भारतीय वंशाचे खेळाडू येतील, पण बहुधा उशिराच.