चूल थंड असताना सही नको

अमेरिकेतल्या घरांत वर चार बर्नर आणि खाली ओव्हन असं एकच यंत्र असतं. त्याला ‘रेंज’ म्हणतात. ते बंद पडलं की तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांना ‘होम वॉरंटी’चा आधार वाटतो. पण मंडळी, हा विमा नव्हे. वर्षाचे पैसे भरून केलेला सेवाकरार आहे.

आधी कंपनीला कळवायचं. परस्पर कारागीर बोलावला, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. कारागिराच्या भेटीचे पैसे निराळे. दुरुस्ती की नवी रेंज, हे बहुधा कंपनीच ठरवते. नव्या रेंजऐवजी रोख रक्कम मिळाली, तर ती बाजारभावापेक्षा कमी असू शकते.

चूल थंड असली की माणूस घाईने सही करतो. तेवढं टाळा. करारातली कमाल मर्यादा आधी पाहा, नकार लेखी मागा आणि देखभालीच्या पावत्या जपून ठेवा.