संरचना, संगणकीय

एकाच गोष्टीविषयीची निरनिराळ्या प्रकारची माहिती एका नावाखाली एकत्र ठेवण्यासाठी संगणकाच्या आज्ञावलीत जी जोडणी करतात, तिला संरचना किंवा प्रचारातील शब्दाने ‘स्ट्रक्ट’ म्हणतात. कोबॉल (१९६०) व पास्कल (१९७०) या भाषांत ‘रेकॉर्ड’ या नावाने हीच कल्पना आढळते. डेनिस रिची यांनी तयार केलेल्या सी भाषेमुळे ‘स्ट्रक्ट’ हा शब्द रूढ झाला.

साचा व प्रत : संरचनेची व्याख्या हा केवळ साचा असतो, त्यात कोणते गुणधर्म असतील व त्यांचा प्रकार कोणता, एवढेच तो सांगतो. त्या साच्यावरून निर्माण केलेल्या प्रत्येक प्रतीला (इन्स्टन्स) संगणकाच्या स्मृतीत स्वतंत्र जागा मिळते. अलिबाग (जि. रायगड) येथील भूचुंबकीय वेधशाळेचे उदाहरण घेता येईल. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू झाल्यावर कुलाबा येथील वेधांत व्यत्यय येणार, हे ओळखून ना. आ. फ्रा. मूस यांच्या कारकीर्दीत ही वेधशाळा १९०४ मध्ये स्थापन झाली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतल्यामुळे जुन्या व नव्या नोंदींची सांगड घालता आली. अशा नोंदींसाठी ‘वेध’ ही संरचना कल्पिल्यास स्थानक, दिनांक, तास, दिक्पात, क्षैतिज घटक व उदग्र घटक हे तिचे गुणधर्म होतील. साचा एकच, परंतु तासागणिक एक याप्रमाणे दिवसाच्या प्रती २४.

गुणधर्मांना मूल्ये देणे : प्रतीचे नाव, टिंब व गुणधर्माचे नाव असे लिहून मूल्य देतात, उदा., वेध१.तास = १४. प्रत निर्माण करतानाच सर्व मूल्ये क्रमाने देता येतात. परंतु क्षैतिज व उदग्र हे दोन्ही घटक नॅनोटेस्लातच असल्याने त्यांची अदलाबदल झाली, तर ती चूक संगणकाच्या लक्षात येत नाही. म्हणून गुणधर्माच्या नावानिशी मूल्य देणे अधिक सुरक्षित. सी भाषेत ही सोय १९९९ च्या प्रमाणापासून आहे.

मूल्य न दिल्यास काय होते, हे भाषेवर अवलंबून असते. सी भाषेत फलनांतर्गत सामान्य प्रतीला आरंभी काहीच मूल्य दिले नाही, तर तिच्यातील मूल्ये अनिश्चित असतात. गो भाषेत अंकात्मक गुणधर्म शून्य होतो. स्विफ्ट भाषेत आवश्यक मूल्य राहून गेल्यास आज्ञावलीचे भाषांतरच होत नाही. अलिबागसारख्या ठिकाणी दिक्पात शून्याच्या जवळपास असतो. त्यामुळे न घेतलेल्या वेधाच्या जागी आपोआप आलेले शून्य खऱ्या वेधासारखेच दिसते व सरासरीत मिसळून जाते. याकरिता भूचुंबकीय नोंदींच्या आंतरराष्ट्रीय स्वरूपात अनुपलब्ध मूल्यासाठी ९९९९९ ही अशक्य संख्या लिहितात.

प्रतीची नक्कल : सी, गो व स्विफ्ट या भाषांत एक प्रत दुसऱ्या चलास दिली असता तिची नक्कल होते, नकलेतील दुरुस्ती मूळ प्रतीत उतरत नाही. पायथनमधील वस्तूंच्या बाबतीत मात्र दोन्ही नावे एकाच वस्तूकडे निर्देश करतात. नोंद दुरुस्त करण्यापूर्वी आपल्या हाती मूळ प्रत आहे की तिची नक्कल, हे नवशिक्याने प्रथम जाणून घ्यावे.