बटणांचा शब्दकोश

विद्यार्थी मित्रांनो, 'किताब' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे एक वस्तू उभी राहते. मराठीच्या तासाला त्याच वस्तूला तुम्ही 'पुस्तक' म्हणता. वस्तू एकच, शब्द मात्र दोन. एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेत समजून घ्यायचा असेल, तर आपण शब्दकोश उघडतो. यंत्रांनाही असा शब्दकोश लागतो. तो आपल्याला स्वतः तयार करता येतो. कसा, ते या पाठात पाहूया.

लग्नसमारंभात गाणी वाजवणारा डीजे तुम्ही पाहिला असेल. एक गाणे संपत आले की तो त्यात दुसरे गाणे हळूच मिसळतो. पूर्वी या कामासाठी दोन रेकॉर्ड प्लेअर आणि त्यांचा आवाज कमीजास्त करणारा मिक्सर लागत असे. आता हे काम संगणकावरील सॉफ्टवेअरनेही करता येते. पण माउसने एका वेळी एकच काम होते. एका गाण्याचा आवाज उतरवताना त्याच क्षणी दुसऱ्याचा चढवायचा असेल, तर दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून डीजे संगणकाला एक पेटी जोडतो. तिच्यावर दाबायची बटणे असतात, गोल फिरणारे नॉब असतात आणि वरखाली सरकणारे फेडर असतात. या पेटीला कंट्रोलर म्हणतात.

कंट्रोलर आणि संगणक एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात? अनेक कंट्रोलरांची भाषा 'मिडी' ही असते. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांनी या भाषेसाठी पुढाकार घेतला. त्याआधी एका कंपनीचे इलेक्ट्रॉनिक वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला सहसा जोडता येत नसे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये तारेने जोडली गेली. एका वाद्याची पट्टी दाबली आणि दुसरे वाद्य वाजू लागले! ही भाषा वापरण्यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नव्हते. त्यामुळे ती जगभर पसरली. या कामासाठी २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मिडीमधून आवाज जात नाही, फक्त आकडे जातात. समजा, तुम्ही कंट्रोलरचे एक बटण दाबले. तारेतून १४४, ११, १२७ असे तीन आकडे जातील. १४४ म्हणजे 'पहिल्या वाहिनीवर बटण दाबले गेले'. ११ म्हणजे त्या बटणाचा क्रमांक. १२७ म्हणजे ते पूर्ण दाबले गेले. नॉब किंवा फेडर हलवला, तर पहिला आकडा बहुधा १७६ असतो आणि तिसरा आकडा ० ते १२७ या दरम्यान बदलत राहतो.

आता नीट विचार करा. या आकड्यांत 'गाणे सुरू कर' असे कोठे म्हटले आहे का? नाही! बटणाला स्वतःचा अर्थच नसतो. तो अर्थ आपण द्यायचा असतो. कोणता आकडा आला की सॉफ्टवेअरने कोणते काम करायचे, याची यादी म्हणजे 'मॅपिंग'. हाच आपला शब्दकोश.

'मिक्स' नावाचे एक विनामूल्य डीजे सॉफ्टवेअर आहे. त्यात मॅपिंग करणे सोपे आहे. प्रथम कंट्रोलर संगणकाला जोडा. मग सॉफ्टवेअर उघडून 'प्रेफरन्सेस'मधील 'कंट्रोलर्स' या भागात जा. तेथे आपला कंट्रोलर निवडा आणि 'लर्निंग विझार्ड' सुरू करा. आता पडद्यावरील एखाद्या बटणावर क्लिक करा. समजा, ते पहिले गाणे सुरू करण्याचे बटण आहे. मग कंट्रोलरवरील तुम्हांला हवे ते बटण दाबा. सॉफ्टवेअर आलेले आकडे टिपून घेते आणि दोघांची जोडी लावते. फेडर शिकवताना मात्र तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवावा लागतो. अशा जोड्या लावून झाल्या की मॅपिंगला नाव देऊन ते जतन करा. बटणाखालचा दिवा लावायचा असेल, तर त्याची वेगळी नोंद करावी लागते. कारण तेथे आकडे उलट दिशेने, म्हणजे संगणकाकडून कंट्रोलरकडे जातात.

जोड्या लावण्याआधी कागदावर कंट्रोलरचे चित्र काढा. वारंवार लागणारी बटणे बोटांजवळ ठेवा. चालू गाणे बंद करणारे बटण मात्र थोडे दूर ठेवा. नाहीतर चुकून धक्का लागेल आणि ऐन समारंभात शांतता पसरेल.

आणखी एक अडचण येते. समजा, पडद्यावर आवाज पूर्ण आहे. पण कंट्रोलरचा फेडर अगदी तळाशी आहे. त्याला नुसता हात लागला तरी आवाज एकदम खाली कोसळेल. यावर 'सॉफ्ट टेकओव्हर' नावाचा उपाय आहे. ही सोय लावली की फेडर पडद्यावरच्या जागेपाशी पोहोचेपर्यंत सॉफ्टवेअर त्याच्याकडे लक्ष देत नाही. जागा जुळली की मगच आवाज त्याच्याबरोबर चालतो.

तुम्ही म्हणाल, कंपनीने ठरवून दिलेले अर्थ असताना एवढा खटाटोप कशाला? कारण सर्वांचे हात सारखे नसतात. तुम्ही उर्दू उजवीकडून लिहिता आणि मराठी डावीकडून. तसेच कोणी उजव्या हाताने काम करतो, तर कोणी डाव्या. ज्याचा एकच हात चालतो, तो सर्व महत्त्वाची बटणे एका बाजूला आणू शकतो. ज्याला दिसत नाही, तो स्पर्शाने सहज सापडणाऱ्या जागा निवडू शकतो. तसेच, डीजेसाठी न बनवलेला एखादा जुना मिडी कीबोर्ड घरात पडून असेल, तर त्याच्या पट्ट्यांनाही नवी कामे देता येतात. महागडे यंत्र नाही, म्हणून कोणाला मागे राहावे लागत नाही.

'मिक्स'मधील मॅपिंग ही एक साधी मजकुराची फाइल असते. ती उघडून वाचता येते, दुरुस्त करता येते आणि मित्राला देताही येते. आज त्या सॉफ्टवेअरबरोबर अनेक कंट्रोलरांची मॅपिंग्ज तयार मिळतात. त्यांतील कितीतरी वापरणाऱ्यांनीच बनवून सर्वांसाठी दिली आहेत.

तेव्हा मित्रांनो, एखादे यंत्र हाती आले, तर 'हे बटण काय करते?' एवढेच विचारून थांबू नका. 'या बटणाने काय करावे, असे मला वाटते?' हेही विचारा. मग कागद-पेन्सिल घ्या आणि तुमच्या शब्दकोशातील पहिली जोडी लिहा.