गायरानाची प्रकृती ओळखावी कशी?

पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण भागात शेतीला पशुपालनाची जोड आहे, आणि या पशुपालनाचा मुख्य आधार म्हणजे गावाचे गायरान व भोवतालची माळराने होत. पीक बुडाले तर पुढील हंगामी पुन्हा पेरता येते. परंतु कुरण एकदा खचले म्हणजे ते पूर्वस्थितीस येण्यास अनेक वर्षे लागतात. २०१२-१३ व २०१८-१९ या दुष्काळी वर्षांत जनावरे जगविण्यासाठी ठिकठिकाणी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. ज्या गावाचे गायरान सुस्थितीत असते, त्या गावावर असा प्रसंग उशिरा येतो.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ अन्वये गावच्या जनावरांच्या मोफत चराईसाठी व गवताच्या राखणीसाठी जमीन नेमून ठेवता येते. जमीन नेमून ठेवली तरी तिची प्रकृती राखली जातेच असे नाही. स्वतःच्या शेतातील पिकावर रोग पडला तर तो शेतकऱ्याच्या त्वरित ध्यानी येतो. गायरान सर्वांचे असल्यामुळे त्यावर नजर ठेवणे हे कोणाचेच काम ठरत नाही. यास्तव गायरानाची स्थिती दाखविणारी लक्षणे सर्वांनी मिळून ठरविणे व दरवर्षी ती तपासणे अगत्याचे आहे.

कुरण कसे खालावते

भारतातील गवताळ प्रदेशांचे पाच मुख्य प्रकार मानले जातात. त्यांपैकी शेडा व मारवेल या गवतांवरून ओळखला जाणारा प्रकार दख्खनच्या पठारावर आढळतो. ही गवते बहुवर्षायू, सकस व जनावरांस प्रिय आहेत. जनावरे प्रथम तीच खातात. त्यांना बी धरण्यास अवसर मिळाला नाही तर ती विरळ होतात आणि कुसळीचे प्रमाण वाढते. कुसळी कोवळी असताना जनावरे खातात. मात्र फुलोऱ्यानंतर तिची टोकदार कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत रुततात. चराईचा ताण तसाच राहिला तर एका पावसापुरती उगवणारी हलकी गवते, तरवड, टाकळा व गाजरगवत यांचे राज्य होते. अखेरीस जमीन उघडी पडते, माती वाहून जाते व मुरूम वर येतो.

माळ हिरवा दिसतो म्हणून तो चांगला, असे समजणे चुकीचे आहे. टाकळ्यानेही माळ हिरवा दिसतो. त्याचप्रमाणे झाडांची संख्या हे कुरणाच्या आरोग्याचे माप नव्हे. माळरान म्हणजे ओसाड पडीक जमीन नसून गवत हेच तिचे खरे पीक होय.

कालाहारीतील अनुभव

आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात कालाहारीच्या कोरड्या प्रदेशात या शतकाच्या आरंभी संशोधकांनी एक उपयुक्त प्रयोग केला. तेथील पशुपालकांना, कुरण बिघडत असल्याचे तुम्ही कशावरून ओळखता, असे प्रथम विचारण्यात आले. त्यांनी गवत, झुडपे, माती व जनावरांची अंगस्थिती यांविषयी अनेक लक्षणे सांगितली. पुढे त्याच पशुपालकांनी प्रत्येक लक्षण दोन कसोट्यांवर घासले: ते खरे आहे काय, आणि सामान्य माणसास तपासण्याजोगे सोपे आहे काय? त्यानंतर संशोधकांनी रानात मोजमाप करून ती लक्षणे पडताळली. पशुपालकांचा अनुभव व शास्त्राचे मोजमाप यांची अशी सांगड घातली म्हणजे तयार होणारी यादी गावास आपली वाटते व शास्त्रालाही मान्य होते.

आपल्या गावी काम कसे करावे

प्रथम चराईशी संबंध असलेल्या सर्वांना एकत्र बोलवावे. गाई-म्हशी राखणारे, शेळ्या पाळणारे, गवत कापून आणणाऱ्या स्त्रिया आणि मेंढपाळ धनगर यांपैकी कोणासही वगळू नये. अनेक धनगर कुटुंबे पावसाळा संपल्यावर कोकणाकडे उतरतात व पावसाळ्यापूर्वी परततात. बैठक त्यांचा वाडा गावात असतानाच घ्यावी. ज्याने एक माळ वर्षानुवर्षे तुडविला आहे, त्यास त्यातील फरक इतरांपेक्षा अगोदर कळतो.

बैठकीत कार्यकर्त्याने आपली यादी प्रथम वाचून दाखवू नये. लोकांची लक्षणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. "मेंढीचे पोट भरायला आता दुपार उलटते", "मारवेल फक्त बांधाला उरला", "पहिल्या पावसात ओढा तांबडा होतो" अशी विधाने साधी दिसली तरी त्यांत चाऱ्याचे प्रमाण, गवताची जात व मातीची धूप या तिन्ही बाबी आल्या.

मतभेद होतील, तेही लिहून घ्यावेत. झुडपे वाढली की गाईवाल्यास तोटा वाटतो; शेळीवाल्यास पाला मिळतो म्हणून ती हवी असतात. अशा वेळी लक्षण कोणत्या जनावराच्या दृष्टीने चांगले वा वाईट, हे स्पष्ट नमूद करावे.

नंतर लक्षणांचे दोन गट करावेत. जनावरे रोडावणे व दूध घटणे ही उशिरा दिसणारी लक्षणे होत. ती दिसेतो कुरणाचे नुकसान झालेले असते. शेडा-मारवेल विरळ होणे, गवताच्या ठोंबाखालील माती वाहून मुळे उघडी पडणे, वाळलेला पालापाचोळा नाहीसा होणे ही आगाऊ सूचना देणारी लक्षणे आहेत. अंतिम यादीत पाच ते सात लक्षणे पुरेत व त्यांत आगाऊ लक्षणांना प्राधान्य द्यावे.

मोजमापाच्या सोप्या रीती

(१) पावलांची रीत : ठरलेल्या रेषेवर सरळ १०० पावले चालावे. प्रत्येक पावलास बुटाच्या वा चपलेच्या टोकाखाली काय आले ते नोंदवावे: चांगले गवत, कुसळी, निरुपयोगी झुडूप, पालापाचोळा, दगड की उघडी माती. आलेली संख्या म्हणजेच शेकडा प्रमाण होय.

(२) चौकटीची रीत : गवत पक्व झाल्यावर एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा चौकटीतील गवत कापून, वाळवून तोलावे. निदान दहा ठिकाणांची सरासरी काढावी. ग्रॅमच्या आकड्यास दहाने गुणिले असता हेक्टरी किलोग्रॅम मिळतात.

उदाहरणार्थ, सरासरी १५० ग्रॅम आली तर हेक्टरी १,५०० किलो गवत झाले. गायरान २० हेक्टर असल्यास एकूण ३०,००० किलो. त्यातील निम्मे बी, मुळे व माती यांच्या रक्षणासाठी रानातच ठेवावे. उरलेल्या १५,००० किलोंवर, दररोज सुमारे एक किलो वाळला चारा खाणाऱ्या १०० मेंढ्या १५० दिवस पोसतील. हा हिशेब सर्वांसमक्ष मांडला म्हणजे किती जनावरे किती दिवस सोडावीत, याची चर्चा रागलोभाविना होऊ शकते.

(३) छायाचित्र : खुणेच्या दगडापाशी उभे राहून दरवर्षी त्याच सुमारास, त्याच दिशेने मोबाईलवर छायाचित्र घ्यावे.

पाऊस की चराई?

गवत कमी झाले तर दोष पावसाचा की चराईचा, हा वाद नेहमी उद्भवतो. त्याचा निवाडा करण्यासाठी गायरानात काटेरी फांद्यांचे कुंपण घालून सुमारे पाच मीटर लांबी-रुंदीचा एक तुकडा चराईस बंद ठेवावा व गावच्या पावसाची नोंद ठेवावी. बंद तुकड्यात व बाहेर दोन्हीकडे गवत सारखेच घटले तर कारण मुख्यतः पाऊस होय. आत गवत टिकले व बाहेरच घटले तर चराई आवरली पाहिजे. एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. तीन-चार वर्षांचा कल पाहावा.

नोंदीचा उपयोग

केवळ वहीत आकडे भरल्याने कुरण सुधारत नाही. कोणता आकडा आला असता काय करावयाचे, हे ग्रामसभेत अगोदरच ठरवावे. उघड्या मातीचे प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे गेले तर एक भाग पावसाळाभर बंद ठेवणे, चांगले गवत बी धरीपर्यंत तेथे कोणीही जनावरे न सोडणे, ओघळींवर दगडी बांध घालणे, असे उपाय लिहून ठेवावेत. आदर्शगाव योजनेच्या सूत्रांत चराईबंदी आहे. ज्या गावांनी ती मनापासून पाळली, तेथे गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा ठेवण्यात आली, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मात्र बंदीचा भार एकट्या मेंढपाळावर पडू नये. तो मेंढ्या शेतात बसवून गावच्या जमिनीस खत देतो. त्यास पर्यायी रान व जाण्यायेण्याची वाट ठेवल्याविना केलेला नियम टिकत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. गावाच्या दृष्टीने यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. एक वही, एक तराजू, एक चौकट आणि वर्षातून दोन दिवस एकत्र येण्याची तयारी एवढेच पुरे. पहिली पाहणी पावसाळ्यापूर्वी व दुसरी गवत पक्व झाल्यावर करावी आणि दोन्हींचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, म्हणजे गायरानाची स्थिती सर्वांस कळेल व ते राखण्याची जबाबदारीही सर्वांची होईल.