सोंग सजवताना

‘‘आई, पणत्या आत घे ना गं.’’

लेक असं म्हणाली आणि मला रागच आला. ऐन नरकचतुर्दशीची संध्याकाळ. वाईहून बारा मातीच्या पणत्या मी कागदात गुंडाळून, साड्यांच्या घडीत ठेवून न्यू जर्सीला नेल्या होत्या. एकही फुटली नव्हती! दारासमोरच्या तीन पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना मांडल्या, वाती लावल्या, आणि ही म्हणते आत घे. दिवाळीत दिवे आत घेतं का कुणी?

गोष्ट २०२४ सालची. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला आपली नरकचतुर्दशी आणि तिकडचं हॅलोवीन एकाच दिवशी आलं होतं. हॅलोवीन म्हणजे मुलांचा सोंगांचा सण. मूळचा आयर्लंडकडचा. तिथली माणसं एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर गेला. भोपळा कोरून आत दिवा ठेवतात. मुलं भूत, परी, चेटकीण असं काहीबाही होऊन दारोदार जातात, ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणतात. म्हणजे खाऊ देता की खोडी काढू? लहानपणी आम्ही संक्रांतीला डबी घेऊन तिळगुळासाठी आळीभर हिंडायचो, त्यातलाच प्रकार. फक्त हे अंधारात.

नातू चार वर्षांचा. त्याला वाघ व्हायचं होतं. मी पिवळ्या कापडाचा झगा शिवला, काळे पट्टे रंगवले, लांब शेपूट लावलं, पुठ्ठ्याचा मुखवटा केला. माझ्या मते पहिल्या नंबराचं काम! लेकीनं आधी शेपूट अर्धं कापलं, ‘‘पायात येईल.’’ मग झगा घोट्याच्या वर दुमडला. मग मुखवटा माझ्याच हातात दिला. म्हणाली, ‘‘तू घाल आणि जिना उतरून दाखव.’’

घातला. समोरचं दिसत होतं, पण पायाखालची पायरी काही दिसेना. बाजूनं जावई आले तेही कळलं नाही. दोन मिनिटांत श्वासानं आतून ओलं झालं. तिसऱ्या पायरीवर मी कठडा धरून मुखवटा काढला. सोंग आपण बाहेरून बघून सजवतो. आतून ते कसं दिसतं, हे आजवर मी कधी बघितलंच नव्हतं. मग मुखवट्याऐवजी गालांवर मिशा रंगवायच्या ठरल्या. तो रंगही लेकीनं दोन दिवस आधी त्याच्या हाताला थोडासा लावून पाहिला, पुरळ येतं का म्हणून.

एवढं सगळं ऐकलं, पण पणत्यांवर मात्र मी अडले. ‘‘काही होत नाही गं,’’ म्हटलं. लेक काही बोलली नाही. नुसता हनुवटीवरून हात फिरवला.

आता ते सांगायलाच हवं. १९९४ साली आमच्या आळीच्या गणपतीत वेशभूषा स्पर्धा होती. लेक सहा वर्षांची. तिला मी वाल्मीकी ऋषी केलं होतं. भगवी लुंगी, हातात कमंडलू आणि कापसाची पोटापर्यंत दाढी. कापूस डिंकानं हनुवटीला चिकटवला होता. टाळ्या पडल्या. उतरताना मीच खुणावलं, बाप्पाला नमस्कार कर. ती वाकली आणि खालच्या निरांजनानं दाढी पेटली. कापूस तो, क्षणात वर आला. शेजारच्या वहिनींनी सतरंजी टाकून दाबली, दाढी उपटून काढली, म्हणून चेहरा वाचला. मग कुणी टूथपेस्ट आणली. ती मी स्वतः चोळली! डॉक्टरांना आधी ती पेस्ट साफ करावी लागली. पोर किंचाळत होती. भाजल्यावर पहिली वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, बर्फ नाही, पेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही, हे मला त्या दिवशी कळलं. हनुवटीखाली तिच्या अजून डाग आहे.

त्या प्रसंगावर आम्ही दोघी तीस वर्षांत कधी बोललो नव्हतो. त्या संध्याकाळीही बोललो नाही. मी उठले आणि पणत्या आतल्या खिडकीत मांडल्या. बाहेरच्या भोपळ्यात बॅटरीवरचा दिवा होता.

अर्ध्या तासातच पहिली टोळी आली. त्यात एक चेटकीण, सहा-सात वर्षांची, काळा झिरझिरीत घोळदार झगा पायऱ्या झाडत वर आली. मी तिच्या हातावर चॉकलेट ठेवलं, पण लक्ष सगळं त्या झग्याच्या कडेवर. इंग्लंडमध्ये २०१४ च्या हॅलोवीनला क्लॉडिया विंकलमन या टीव्हीवरच्या निवेदिकेच्या मुलीचा असाच झगा मेणबत्तीनं पेटला होता, ती बरीच भाजली. त्यानंतर तिकडे मुलांच्या सोंगांच्या कपड्यांचे नियम, चाचण्या यांची मोठी चर्चा झाली. आपल्याकडे भाड्यानं कपडे आणताना आपण विचारतो फक्त, ‘‘मापाचा आहे ना हो?’’

मग आमचा वाघ निघाला. सहाच्या आसपास सूर्य मावळतो तिथे. त्याच्या पाठीवर आणि खाऊच्या पिशवीवर लेकीनं चमकणारी पट्टी चिकटवली होती, सायकलच्या मडगार्डला असते तशी. हातात छोटी बॅटरी. ज्या घराचा बाहेरचा दिवा लागलेला, तिथेच जायचं. दारातूनच खाऊ घ्यायचा, आत जायचं नाही, रस्ता हात धरूनच ओलांडायचा. मला वाटत होतं, भीती असेल ती खाऊत कुणी काही घातलं तर याची. पण खरा धोका गाड्यांचा. कॅनडातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांची नोंद तपासली. हॅलोवीनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आठवडा आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त निघाला. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तर तो दहापट!

एका दारात मोरपंखी रंगाचा भोपळा दिसला. मला वाटलं, हौस. तर ती खूण होती, इथे खाऊ नाही, पेन्सिली आणि स्टिकर मिळतील. तिथे कितीतरी मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते, त्यांच्यासाठी २०१४ पासून ही पद्धत देशभर सुरू झाली. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय आपली भाजी होत नाही, त्यामुळे मला हे पचायला जडच गेलं.

घरी आल्यावर पिशवी सतरंजीवर रिकामी झाली. फाटलेलं वेष्टन बाजूला. दाणे आणि कडक गोळ्या बाजूला, कारण पोरगा जेमतेम चारचा आणि चार वर्षांच्या आतल्या मुलांना त्या द्यायच्याच नाहीत असं तिथले डॉक्टर सांगतात. श्वासनलिकेत अडकतात. झोपण्याआधी मिशा खसाखसा धुतल्या. वाघ फार रडला.

मी परत आले ती संक्रांतीच्या तोंडावर. शेजारच्या सूनबाईच्या दीड वर्षाच्या बाळाचं बोरन्हाण होतं. काळं झबलं, अंगभर हलव्याचे दागिने, गोजिरवाणं दिसत होतं पोर. डोक्यावरून ओतायच्या सुपात बोरं, दाणे, गोळ्या, कुरमुरे, सगळं होतं. इतकी वर्षं हे मीही हौसेनं केलंय. पण या वेळी हात थांबला. बाळ खाली बसून जे हाताला लागेल ते तोंडात घालणार, आणि हार तर आधीच चोखायला लागलेलं!

मी सूनबाईला हळूच आत बोलावलं. चिडेल असं वाटलं होतं. तिनं ऐकून घेतलं, सुपातली बोरं, दाणे, गोळ्या मोठ्या मुलांना वाटून टाकल्या. बाळावर नुसते कुरमुरे, तेही त्याला आईच्या मांडीवर घेऊन. फोटो झाल्या झाल्या हार काढला. सासूबाई जरा कुरकुरल्या, ‘‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’’ मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांना वाल्मीकीच्या दाढीची गोष्ट सांगितली. घराबाहेर पहिल्यांदाच.

आता गॅदरिंग जवळ आलंय. परवा एकजण ऋषीची दाढी करून मागायला आल्या. म्हटलं, करते, पण चिकटवणार नाही. कानाला अडकवायची, ओढली की निघणारी, आणि वीतभरच. आधी घरी घालून जिना उतरवा त्याला.