बॅटरी बदलण्याआधी चार्जिंग तपासा



मासळीची गाडी कारवारहून अणशी घाट चढून जोयडा तालुक्यात, बाजारकुणंगसारख्या जंगलातल्या गावांकडे निघाली, की वाटेत गॅरेज सहज मिळत नाही. तिथे डॅशबोर्डवर बॅटरीची लाल लाईट पेटली तर बर्फ काही थांबत नाही, वितळतच राहतो. अशा वेळी बरेच जण सरळ नवी बॅटरी घेतात. पण दोष चार्जिंगमध्ये असेल तर नवी बॅटरीसुद्धा उतरणारच. म्हणून आधी साध्या मल्टिमीटरने तपासा.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल तार बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला.

🔹 गाडी काही तास बंद असताना: १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली.

🔹 इंजिन चालू करून थोडा रेस दिल्यावर: १३.८ ते १४.५ हवेत. आकडा वर सरकतच नसेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर खराब; बॅटरी उकळून मरेल.

🔹 हेडलाईट, पंखा लावून: साधारण १३.५ च्या खाली उतरू नये.

(काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे आकडा थोडा हलतो.)

चार्जिंग नसेल तर लगेच डायनॅमो खोलू नका. इंजिन बंद करून आधी बेल्ट बघा: सैल, चिरलेला, तुटलेला? मग टर्मिनल, मोठा फ्यूज, डायनॅमोचा प्लग आणि अर्थिंगची पट्टी. आपल्या गाड्यांत क्रेटमधून खारं पाणी गळतं, त्यानं याच जागा गंजतात. इंजिन चालू, लाईट लावून बॅटरीचा मायनस आणि इंजिनचं साफ लोखंड यांच्यामध्ये मीटर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगमध्ये दोष. हात आणि कपडे बेल्टपासून लांब ठेवा.

साफ करताना मायनस आधी काढा, लावताना शेवटी लावा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, सुकवा, घट्ट आवळा, वर व्हॅसलीन लावा. एवढं करूनही आकडा चढला नाही, तर कार्बन ब्रश, रेग्युलेटर किंवा डायोड गेलेला असणार. अनेकदा तेवढाच भाग बदलून भागतं, अख्खा डायनॅमो बदलावा लागत नाही.

⚠️ इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून "चार्जिंग बघायची" जुनी पद्धत सोडा. त्या झटक्यात डायोड जळतात.

⚠️ वाटेत लाईट पेटली तर एसी, टेप बंद करा. इंजिन बंद न करता जवळच्या वस्तीपर्यंत पोचा. पण टेम्परेचरचा काटा चढत असेल तर लगेच थांबा. बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर चालतो. बेल्ट तुटून तसंच चालवलं तर इंजिन जाम होईल.

बोटीच्या इंजिनालाही हीच तपासणी लागू. २४ व्होल्टची लाईन असेल तर आकडे दुप्पट धरा. आपल्या ड्रायव्हर आणि तांडेलांपर्यंत हे नक्की पोचवा.