पहिल्या वर्षाचे विषय नुसते उरकू नका

मैत्रिणींनो, मुलीचं नाव बी.ए.च्या पहिल्या वर्षाला घातलं की आपण मुख्य विषय तेवढा विचारतो. पण नव्या शैक्षणिक धोरणामुळे २०२४ पासून संलग्न महाविद्यालयांतही त्याच्या जोडीला भाषा, पर्यावरण, आरोग्य आणि दुसऱ्या शाखेतला एखादा प्राथमिक विषय असतो. आपली धुळ्याची महाविद्यालये जळगावच्या विद्यापीठाकडे. तिथेही हीच चौकट. मी अर्धवेळ शिकवते. "सोपा कोणता?" एवढंच विचारून मोकळ्या होणाऱ्या मुली पाहिल्या की जीव चुटपुटतो.

भूविज्ञानच घ्या ना. आपला पाटा-वरवंटा ज्या काळ्या दगडाचा, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याचीच झीज होऊन कपाशीची काळी जमीन झाली. इतिहास म्हणाल, तर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ गावातच आहे. आरोग्याच्या तासाला कळतं, की जेवणाबरोबर घेतलेला चहा भाजीतले लोह अंगी लागू देत नाही, लिंबू मात्र मदत करते. याला अवांतर कसं म्हणायचं?

आणि मध्येच लग्न ठरलं तर? पहिले वर्ष पूर्ण करून नेमून दिलेले चार जादा श्रेयांक मिळवले, तर प्रमाणपत्र हाती येते. मिळालेले श्रेयांक साधारण सात वर्षे खात्यावर जमा राहतात, पुढच्या शिक्षणाला जोडता येतात. तेव्हा देण्याघेण्याच्या बोलण्यांबरोबर, मुलगी पुढे केव्हा शिकणार, हेही सोयऱ्यांशी बैठकीतच बोलून घ्या.